वर्गणी आणि दंड

गेल्या वर्षी आमच्या भागातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेस आम्ही हजर होतो. माणसे बेताचीच जमली होती. जमाखर्च वाचून झाला, तूट किती आली ते चिटणिसांनी सांगितले आणि शेवटी दोन ठराव पुढे आले. मासिक वर्गणी वाढवावी हा पहिला. मुदत टळल्यावर पुस्तक परत आल्यास रोजचा दंड १ रुपयावरून २ रुपये करावा हा दुसरा. वर्गणीच्या ठरावावर पाऊण तास वाद झाला. दंडाच्या ठरावावर कोणीच बोलले नाही. चुकेल त्याने भरावे, यात बोलण्यासारखे ते काय, अशी सर्वांचीच समजूत दिसली. हात वर झाले, त्यांत आमचाही होता. त्या वर केलेल्या हाताचा आम्हांस पुढे पश्चात्ताप झाला, म्हणून हे लिहावयास घेतले आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर वाचनालयाचा शिपाई थकलेल्या पुस्तकांची यादी घेऊन शाळेत आला. यादीत आमच्याच वर्गातील एका मुलीचे नाव होते. मुलगी हुशार, निबंधात पाठ्यपुस्तकाबाहेरचे चार शब्द हमखास घालणारी. आई घरी विड्या वळते, आणि मजुरी हजारी हिशेबाने मिळते. पुस्तक ४३ दिवस थकले होते. आम्ही तिला बाजूस बोलावून विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, पुस्तक घरीच आहे. तिसऱ्या दिवशीच वाचून झालं होतं." मग परत का केले नाहीस? सुटीत ती आईबरोबर आजोळी गेली होती. परत येऊन हिशेब केला तो दंड २४ रुपये झालेला. आईपाशी मागण्याचा धीर होईना. धीर होईपर्यंत ४० झाले, मग ६०. पुस्तक परत करावयास जावे तर दंड मागणार, आणि दंड जमवावा तर तोवर आणखी दोन दोन रुपये चढणार. पुस्तक तिने ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिले होते.

आम्ही ८६ रुपये भरले. पावती आमच्या नावाने फाटली. पुस्तक कपाटात गेले, पैसे पेटीत गेले. मुलगी मात्र त्या वाचनालयाची पायरी पुन्हा चढली नाही. आम्ही दोनदा सांगून पाहिले. "बघते, सर," एवढेच ती म्हणते. आपल्या चुकीचे पैसे शिक्षकांना भरावे लागले, ही गोष्ट तिच्या मनातून जात नाही. पैसे भरताना आमच्याही ध्यानात ते आले नव्हते, हे कबूल करणे भाग आहे.

त्याच यादीत आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ होते. त्यांच्याकडे एक नवी कादंबरी जवळजवळ तितकेच दिवस पडून होती आणि तिच्यासाठी पाच जण नंबर लावून बसले होते. सद्गृहस्थांस याचे काहीच वाटत नव्हते. "दंड घ्या ना, कोण नाही म्हणतो?" असे ते हसत हसत म्हणाले आणि नोट काढून दिली. त्यांच्या दृष्टीने तो दंड नव्हताच. ते भाडे होते, आणि भाडे भरणाऱ्याला लाज कसली? एकाच नियमाने ज्याला शासन व्हावे त्याला सवलत मिळाली, आणि जिच्या हाती वाचनालयाने आपण होऊन पुस्तक द्यावे तिला बाहेरची वाट मिळाली.

हा प्रकार आमच्याच गावचा आहे असे मात्र नाही. इस्राएलमधील हैफा शहरात काही बालवाड्यांतून एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना नेण्यास काही पालक उशिरा येत, म्हणून उशिरा येणाऱ्यांवर दंड बसविण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. जवळजवळ दुप्पट झाला. पूर्वी उशीर झाला की शिक्षिकेसमोर ओशाळे व्हावे लागे. आता पैसे टाकले की झाले. पुढे दंड रद्द केला तरी गेलेला संकोच काही परत आला नाही. आमच्या परिचयाचे सद्गृहस्थ हैफास कधी गेले नसावेत.

वर्गणीचा प्रश्न निराळा, आणि त्याची मुळे आपल्याकडे खोल गेलेली आहेत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याचे व बेळगावचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. म्हणजे विश्वविद्यालये निघण्यापूर्वी आपल्या भागात वाचनालये निघाली, आणि ती वर्गणीवर जगली. वर्गणी देणारा सभासद होतो, सभासदाला सभेत मत असते, आणि मत असलेला मनुष्य तूट कशी भरावी याची चिंता करतो. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या सभेत आमचा हात चुकीचा वर झाला त्याच सभेत तो वर करण्याचा अधिकार आम्हांस वर्गणीनेच दिला होता.

तथापि ज्ञान दाराशी पैसे घेऊन विकू नये, असेही शहाण्या माणसांनी पूर्वीच ठरविले आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी करण्यास आरंभ केला. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आपल्या निपाणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांसाठी कायदा केला. भारतातील असा तो पहिला कायदा मानला जातो. युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यातही सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावे असे म्हटले आहे.

मग आम्ही विनामूल्य का म्हणत नाही? आमचा हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याबरोबर वाचनालयांचा हिशेबही बदलला. म्हैसूर राज्याने १९६५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. त्यानुसार घरपट्टीसारख्या करांवर उपकर बसतो; त्याचा दर आज रुपयामागे ६ पैसे आहे. घरमालक तो भरतो आणि भाडेकरूकडून वसूल करतो, म्हणजे विड्या वळणारी आईदेखील कोणत्या ना कोणत्या मार्गाने तो देतेच. सरकारी ग्रंथालये त्यावर चालतात, आणि त्यांनी चांगली कामेही केली आहेत. २०२० साली ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत ६ ते १८ वर्षांच्या मुलांना विनामूल्य सभासद करून घेण्याची योजना निघाली, तिचे आम्ही मनापासून स्वागत केले. पण लोकांनी चालविलेली जुनी मराठी वाचनालये मुख्यत्वे वर्गणी आणि देणगी यांवरच उभी आहेत. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन त्यांस अनुदान मिळते. तो कायदा त्या राज्यापुरता. मध्ये रेघ आहे. रेघेच्या अलीकडच्या वाचनालयाने वर्गणी सोडली तर दिव्याचे बिल कोणी भरावयाचे?

म्हणून वर्गणी असावी, आणि नोकरदारांची ती वाढवावीही. साधी कादंबरी तीनचारशे रुपयांखाली मिळत नाही. महिन्याकाठी चार कादंबऱ्या वाचणाऱ्याने दहावीस रुपयांसाठी पाऊण तास वाद घालणे शोभत नाही. आमचा त्या वादात भाग होता, हेही सांगून टाकतो. विद्यार्थ्यांची वर्गणी मात्र नाममात्र असावी. आणि ती केव्हा घ्यावी याचाही विचार व्हावा. बहुतेक ठिकाणी वर्षाची वर्गणी एकदम, आणि तीही जूनमध्ये मागतात. वह्या, गणवेश, बियाणे, गळणारे छप्पर, सारे खर्च त्याच महिन्यात येतात. आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला महिन्याला पाच रुपये देता येतात. वर्षाचे साठ एकदम देता येत नाहीत. हिशेबनिसाला बारा पावत्या फाडाव्या लागतील, एवढाच काय तो तोटा.

याहून अवघड धोंड आहे ती अनामतीची. आमच्या घरची बोली कोंकणी. ग्रांथिक मराठी आम्हांस शाळेने थोडी आणि वाचनालयाने पुष्कळ शिकविली. पण लहानपणी पुस्तक घरी नेण्याचे भाग्य आम्हांस नव्हते. वर्गणी परवडे, अनामत रक्कम परवडत नसे. शाळा सुटली की वाचनालयाच्या बाकावर बसावयाचे आणि दिवे मालविण्याच्या वेळेपर्यंत वाचावयाचे. कित्येक कादंबऱ्यांचे शेवट आम्ही दुसऱ्या दिवशी, मध्ये एक रात्र तळमळत काढून, वाचले आहेत. अनामत परत मिळते हे खरे; परंतु परत मिळणारे पैसे आधी जवळ असावे लागतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत अनामतीऐवजी वर्गशिक्षकाची किंवा गल्लीतील एखाद्या सभासदाची लेखी हमी घेतली तर काय बिघडेल? पुस्तक हरवले तर हमीदार वाचनालयास उत्तर देईल. आम्ही तरी दहा मुलांची हमी घेण्यास सिद्ध आहोत.

दंड काढला तर पुस्तके परत येणार नाहीत, असे चिटणीस म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. कपाटे त्यांनाच सांभाळावयाची असतात. पण आयर्लंडच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१९ साली, शिकागो शहराने त्याच वर्षी आणि न्यूयॉर्कने २०२१ साली विलंबाचा दंड काढून टाकला. शिकागोत तर वर्षानुवर्षे घरी अडकलेली पुस्तके लोक भीड सोडून परत आणू लागले. ती ग्रंथालये करांच्या पैशांवर चालतात, आपली तशी चालत नाहीत, हा फरक आम्ही विसरत नाही. परंतु दंडाची जमा आपल्याही जमाखर्चात कितीशी असते? गेल्या वर्षीचे अंदाजपत्रक काढून पाहिले. तुटीपुढे ती रक्कम दिसेनाशी होती.

जेथे कडक व्हावयास हवे तेथे मात्र कडक व्हावे. जुने पुस्तक घेऊन गेलेल्याने ते परत केल्यावाचून त्याला दुसरे मिळू नये. वाचणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही, आणि न वाचणाऱ्याला दंडानेही वाचनाची गोडी लागत नाही. ज्या पुस्तकासाठी इतरांनी नंबर लावले आहेत त्याची मुदत लहान असावी. दिवाळी अंकांचे तर वेगळेच शास्त्र आहे. ते ताजे आहेत तोवर त्यांचे मोल. संक्रांतीला हाती आलेल्या अंकाचे कौतुक कोणाला? तेथे थोरांकडून विलंबशुल्क घ्यावे आणि ते भरूनही जो अंक दाबून बसेल त्याचे अंक त्या वर्षापुरते बंद करावेत, म्हणजे नोट पुढे करण्याची सोय राहणार नाही. आणि पाने फाडणाऱ्याची गय मुळीच करू नये. परीक्षेच्या दिवसांत संदर्भग्रंथांतील नकाशे ब्लेडने कापून नेणारे महाभाग आपल्या शाळेच्याही इतिहासात होऊन गेले आहेत. उशीर होणे ही विसरभोळेपणाची किंवा अडचणीची गोष्ट असेल; ब्लेड विसरभोळेपणाने दप्तरात येत नाही.

आमच्या वर्गाच्या पेटीतील पुस्तकांवर आम्ही या वर्षी एक लहानसा प्रयोग केला. पैशांचा दंड ठेवला नाही. पुस्तकाच्या मागील पानावर चिठ्ठी चिकटविली आणि तिच्यावर पुढे ते पुस्तक कोणाला हवे आहे त्याचे नाव लिहू लागलो. आपल्यानंतर शेजारच्या बाकावरचा कोणी वाट पाहतो आहे हे दिसले की पुस्तक बहुधा वेळेवर येते. आले नाही तर तो शेजारीच पिच्छा पुरवितो. दोन पुस्तके मात्र गेली ती गेलीच. एक पावसात भिजून लगदा झाले. दुसरे कोणाच्या घरी आहे हे आम्हांस ठाऊक आहे, त्या घरावरून आम्ही रोज जातो, आणि अजून मागितलेले नाही.

वाचनालयाची वार्षिक सभा पुढील महिन्यात आहे. विद्यार्थ्यांचा विलंबदंड रद्द व्हावा, ज्यांचा थकला आहे त्यांचा माफ व्हावा, आणि अनामतीऐवजी हमी चालावी, असा ठराव आम्ही लिहून चिटणिसांकडे दिला आहे. ठरावास अनुमोदक लागतो. दोघा सभासदांनी विचार करून सांगतो म्हटले. एकाने दंड गेला तर शिस्त जाईल म्हणून नकार दिला. आता त्या नोट काढून देणाऱ्या सद्गृहस्थांकडे येत्या रविवारी जाणार आहोत. ती कादंबरीही त्यांच्याकडून परत आणावयाची आहे.