हापूसला वकील, मोरीला कोण?

मी बंदरावरचा मजूर. जहाजाच्या पोटात क्रेनच्या पंजाला न सापडणारा कोळसा फावड्यानं ओढतो. रात्री कविता लिहितो. थुंकी काळी, शाई काळी. मुकादम म्हणतो, कोळसा म्हणजे भाकरी. असेल. पण या भाकरीत पारा आहे, ते तो सांगत नाही.

शाळेत पारा फक्त थर्मामीटरात बघितला होता. आता हिशेब करा. टनभर कोळशात साधारण ग्रॅमचा दहावा हिस्सा पारा, कोळशागणिक कमीजास्त. म्हणजे काहीच नाही, वाटतं ना? दहा लाख टन जाळा, शंभर किलो होतो. जयगडचं केंद्र 1200 मेगावॅटचं, 2010-11 त सुरू झालं. एवढं केंद्र पुऱ्या ताकदीनं चाललं तर वर्षाला तीसेक लाख टन तरी कोळसा खातं. वीज जाते घाटापलीकडे, कोयना-कराडकडे. राख आणि धूर इथंच.

पारा 357 अंशाला उकळतो. भट्टीत त्याची वाफ होते. थोडा राखेला चिकटतो, बाकीचा धुराड्यातून सुटतो. काही जगभर फिरतो, काही पावसाबरोबर जवळच उतरतो. खाडीच्या चिखलातले जंतू त्याचं मिथिल पारा नावाचं विष करतात. ते बारीक माशातून मोठ्या माशात चढत जातं. तारलीत, मांदेलीत कमी. सुरमईत जास्त. मोरीत त्याहून जास्त. आणि गरोदर बाईच्या रक्तातून थेट पोटातल्या पोराच्या मेंदूत.

माझी बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय. आय म्हणाली, "मोरी आण रे, अंगावर दूध येईल." पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीला मोरीच दिली. काय सांगू मी आयला? तुझं औषध कुणीतरी नासवलं म्हणून?

जयगडच्या प्रकल्पाविरुद्ध आंबा बागायतदार कोर्टात गेले. बरोबरच केलं. हापूसच्या मोहोरावर धुराचा काय परिणाम होतो यावर तज्ज्ञ बसले, वकील बोलले. कारण हापूसला सातबारा आहे, पेटी आहे, भाव आहे. मोरीला सातबारा नाही. ज्यांच्या नावावर कलमाचं एक झाड नाही त्या आमच्या वाडीला ताटातला मासा हीच बागायत. तिचा पंचनामा करायला आजवर कुणी आलं नाही. आमचा पारा चढला की पोलीस येतात. आमच्यात पारा चढतोय का, ते बघायला डॉक्टरसुद्धा येत नाही.

जपानात मिनामाटाच्या कोळ्यांनी हे भोगलंय. तिथं धूर नव्हता, कारखान्याचं सांडपाणी होतं. पण विष तेच, मासा तोच, गरीब तेच. 1956 त रोगाची सरकारी नोंद झाली, सांडपाण्यातला पारा थांबला 1968 त. बारा वर्षं! तोवर मासे खाल्ले कुणी, पोरं लुळी जन्मली कुणाची?

आपल्या सरकारनं 2015 च्या डिसेंबरात नियम केला: धुराच्या घनमीटरला 0.03 मिलिग्रॅमवर पारा नको. 2018 त मिनामाटाच्याच नावाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. कागद चोख आहे. पण कागद काय मोरीच्या कालवणात घालायचा?

1927 त बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर ओंजळ भरली. पाण्यावरचा तो हक्क ओंजळीपाशी संपत नाही. पाण्यात काय मिसळलंय हे विचारणं त्याच हक्कात येतं.

म्हणून मागणी साधी आहे. धुराड्यातून किती पारा जातो, खाडीच्या माशात किती, आमच्या बायांच्या रक्तात किती, मोजा. आकडा मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, बौद्धवाडीच्या विहारावरपण लावा. ज्याच्या धुरानं मासा नासेल त्याच्याकडून वसूल करा. आणि मुंबई-पुण्यातल्या मित्रांनो, दिव्याखाली हे वाचताय ना? तो दिवा कुणाच्या ताटावर पेटलाय, तेवढं विचारा.

आयला मी आज तारली आणून दिली. मोरी महाग झालीय, असं खोटं सांगितलं. असं खोटं किती दिवस बोलायचं?