पळपुटे कोण, विजय कुणाचा?

संपादक महोदय,

आपल्याकडील अटलांटाच्या सायक्लोरामावरील (प्रेक्षकाभोवती गोल फिरणाऱ्या भव्य चित्रावरील) लेखात त्या चित्राला अमेरिकी यादवी युद्धातील दक्षिणेच्या विजयाचे स्मारक म्हटले आहे. साफ चूक. २२ जुलै १८६४ च्या लढाईचे हे चित्र १८८६ मध्ये मिलवॉकीत जर्मन चित्रकारांनी उत्तरेच्या प्रेक्षकांसाठी रंगवले. १८९२ मध्ये ते अटलांटात आले, तेव्हा दक्षिणेच्या कैद्यांचे करडे गणवेश निळे करून त्यांना उत्तरेचे पळपुटे ठरवले गेले नि दक्षिणेचा विजय म्हणून चित्राची जाहिरात झाली. लेखकाने ती जाहिरातच इतिहास मानली!

‘व्हीलचेअरवाल्यांनी माहितीपटावर भागवावे’ हा लेखातील सल्लाही अनाठायी. २०१९ पासून चित्र अटलांटा हिस्ट्री सेंटरच्या नव्या दालनात आहे. मी खुर्चीतूनच, लिफ्टने वरच्या सज्जात गेले. चित्रापुढे मांडलेले प्लास्टरचे सैनिक कुठे संपतात नि कॅनव्हास कुठे सुरू होतो, हे वरून कळत नाही. पडद्यावर ते कसे दिसणार? जायचे की नाही, ते आमचे आम्ही ठरवू.

कळावे,
एक वाचक, पुणे