चार वर्षांचा शिपाई, जन्माचे पांगळेपण

कामठीच्या छावणीत, गार्ड्स पलटणींच्या शिक्षणकेंद्रात, जे अग्निवीर कवायत करितात ते कोणाचे मुलगे? आमच्या भागातून फौजेत जातो तो बहुधा कोरडवाहू कपाशीवाल्याचा, सुताराचा, कोष्ट्याचा पोर. बंगलेवाल्यांची मुले त्या रांगेत आम्हांस तरी क्वचितच दिसतात.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची, शिक्षणासह. पुढे शेकडा २५ पर्यंतच कायम व्हावयाचे, बाकीच्यांनी सेवानिधी घेऊन घरी यावयाचे. पहिल्या वर्षी पगार ३०,००० रुपये, त्यांतून निधीची कापणी होऊन हातांत २१,०००. हे सर्व ठाऊक असूनच पोरे जातात. पण ह्या चार वर्षांत गुडघा मोडला, पाठीचा कणा दुखावला, तर काय?

सरकार म्हणते, अपंगत्व नोकरीपायी आले असेल तर एकरकमी मदत मिळेल: शेकडा ५० ला १५ लाख, ७५ ला २५ लाख आणि १०० ला ४४ लाख, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार व सेवानिधी. रक्कम लहान नव्हे, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करितो. परंतु त्याच खंदकात, त्याच दिवशी कायम शिपाई जायबंदी होऊन घरी आला, तर त्यास हयातभर अपंगत्व पेन्शन मिळते, मग नोकरी कितीही थोडी झालेली असो. अग्निवीरास पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकांची दवाखान्याची सोय नाही. इतकेच काय, 'माजी सैनिक' हे नावही नाही! गोळी काय भरतीचा कागद वाचून लागते?

आणि दुखणे मंडळाच्या तारखेस थोडेच थांबते? बैलाचा पाय मुरगळला तर शहाणा शेतकरी आठ दिवसांत त्याची किंमत ठरवीत नाही. हंगामभर वाट पाहतो. माणसाच्या डोक्यास बसलेला मार दोन वर्षांनी काय रूप घेईल, हे डॉक्टरासही त्या दिवशी सांगवत नाही. तरी त्याचा हिशोब मात्र एकदाच मिटवावयाचा!

अमेरिकेत १९४९ च्या कायद्याने ह्यास वाट काढली. अपंगत्व शेकडा ३० वा अधिक आहे, पण स्थिर झालेले नाही, अशा शिपायास तात्पुरती निवृत्ती देतात. त्या काळात मूळ पगाराच्या निम्म्याहून कमी मिळत नाही, मधूनमधून फेरतपासणी होते. ही मुदत पूर्वी पाच वर्षे होती, आता तीन आहे. नंतर कायम पेन्शन, एकरकमी फेड, किंवा बरा झाल्यास परत नोकरी. तीस दिवसांहून अधिक मुदतीच्या हुकुमावर असलेला शिपाईही ह्यांत येतो. येथे तर चार वर्षांचा करार आहे!

आमची मागणी एवढीच: जखमी अग्निवीराचा निकाल लागलीच न लावता त्यास तीन वर्षे निम्मा पगार व लष्करी इस्पितळाचे औषधपाणी द्यावे, मग शेवटचे मंडळ बसवावे, आणि अपंगत्व राहिलेच तर कायम शिपायाप्रमाणे पेन्शन बांधून द्यावी.

तोवर आईबापांनी एक करावे. पोरास पत्र धाडा, फोन करा, पण बजावून सांगा की इजा झाली त्याच दिवशी तिची लेखी नोंद करवून घे, आणि इस्पितळाचा व वैद्यक मंडळाचा प्रत्येक कागद, नक्कल का होईना, घरी पाठव. दाद मागावयास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईस आहे. तेथवर रिकाम्या हातांनी जाऊन उपयोग नाही.