सारथ्याची चूक आणि शिक्षेचा हिशेब

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेडोलँड्सच्या मैदानावर ‘हॅम्बलटोनियन’ ही प्रसिद्ध शर्यत झाली. सुमारे दहा लाख डॉलरच्या बक्षिसाच्या या शर्यतीत ‘व्हॉट द हिल’ हा घोडा सर्वांच्या आधी अंतिम रेषेपार गेला. विजेता म्हणून नाव जाहीर झाले ते मात्र ‘परफेक्ट स्पिरिट’ या घोड्याचे. अखेरच्या सरळ टप्प्यात पहिल्या घोड्याच्या गाडीने शेजारच्या घोड्याच्या वाटेत येऊन त्याची चाल मोडली, असा निष्कर्ष पंचांनी काढला आणि पहिला आलेला घोडा नवव्या क्रमांकावर नेऊन ठेवला. एका क्षणाच्या घटनेवर आणि काही मिनिटांच्या विचारावर लाखो डॉलरचा धनी बदलला. अशा निवाड्यावर वाद होणारच. परंतु त्या एका निवाड्यापेक्षा त्यामागचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शर्यतीत दुसऱ्याला अडथळा आणणाऱ्या सारथ्याला शिस्त लावायची ती कोणी, कोणत्या मार्गाने आणि किती वेळात?

‘हार्नेस रेसिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शर्यती अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कँडिनेव्हियन देशांत मोठ्या प्रमाणावर होतात. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या शर्यतींत जॉकी घोड्याच्या पाठीवर असतो. येथे सारथी घोड्यामागे जोडलेल्या ‘सल्की’ नावाच्या हलक्या दुचाकी गाडीत बसतो. घोड्याने चौखूर उधळून चालत नाही. दुडकी किंवा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकण्याची चाल, यांपैकी जी ठरली असेल तीच त्याने अखेरपर्यंत राखली पाहिजे. चाल मोडली तर सारथ्याने त्याला बाजूला घेऊन, वेग कमी करून पुन्हा चालीवर आणावे, असा नियम आहे. म्हणजे शेजारच्या गाडीचे चाक नुसते घासले तरी एखाद्याची शर्यत तेथेच संपते. एक मैलाचे अंतर दोन मिनिटांच्या आत, म्हणजे ताशी सुमारे पन्नास किलोमीटरच्या वेगाने कापणाऱ्या आठ-दहा गाड्या एकमेकींना खेटून धावत असताना एक गाडी उलटली, तर मागच्यांना थांबायला अवसर नसतो. म्हणून अडथळ्याचा प्रश्न बक्षिसापुरता राहत नाही. माणसांच्या आणि जनावरांच्या जिवाशी तो निगडित आहे.

आतल्या कडेची किंमत

सारथी दुसऱ्याच्या वाटेत का येतो, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या स्वभावात शोधले जाते. वस्तुतः ते मैदानाच्या रचनेत आहे. वळणावर आतल्या कडेने धावणाऱ्या घोड्याला कमी अंतर कापावे लागते आणि पुढच्या गाडीच्या आडोशाने धावणाऱ्याला वारा कमी लागतो. ही जागा एकाच वेळी एकालाच मिळू शकते. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्ससारख्या अर्ध्या मैलाच्या मैदानावर एका मैलात चार वळणे येतात, तेव्हा तिची किंमत आणखी वाढते. जी वस्तू दुर्मीळ आहे आणि जिच्यावर कोणाची मालकी नाही, तिच्यासाठी रेटारेटी होते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा येथे लागू पडतो. जागा मोकळी होण्याआधीच आत घुसणे, बाहेर येऊ पाहणाऱ्याला कोंडून धरणे, थकलेल्या घोड्याला सरळ न राखणे, हे सारे प्रकार या टंचाईतून जन्मतात.

लाभाचा हिशेबही पाहावा. अमेरिकेत बक्षिसाची रक्कम सामान्यतः पहिल्या पाच क्रमांकांत ५०, २५, १२, ८ आणि ५ टक्के अशी वाटली जाते, आणि घोड्याने मिळविलेल्या रकमेच्या पाच टक्के सारथ्याला मिळतात. दहा हजार डॉलरच्या शर्यतीत पहिल्या सारथ्याच्या हाती २५० आणि दुसऱ्याच्या हाती १२५ डॉलर पडतात. हेच प्रमाण दहा लाखांच्या शर्यतीला लावले तर ते २५ हजार आणि साडेबारा हजार होतात. चूक तीच, धोका तोच. परंतु चुकीपासून होऊ शकणारा लाभ शंभर पट. दोन्ही ठिकाणी दोनशे डॉलरचा दंड ठेवला, तर पहिल्या शर्यतीत तो जाचक ठरेल आणि दुसऱ्या शर्यतीत हास्यास्पद.

दोन उपाय, दोन हेतू

नियामकांच्या हाती मुख्यतः दोन साधने असतात. एक, घोड्याचा क्रमांक खाली आणणे. दुसरे, सारथ्याला शिक्षा करणे. यांचे हेतू वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत झाली की अन्याय होतो. क्रमांक बदलणे ही शिक्षा नव्हे, ती दुरुस्ती होय. ज्याचे नुकसान झाले त्याला त्याची जागा परत द्यावी, एवढाच तिचा उद्देश. म्हणून तेथे सारथ्याचा हेतू विचारात घेण्याचे कारण नाही. अडथळा झाला काय आणि त्यामुळे कोणाची संधी गेली काय, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. घोडा स्वतःहून बुजून आडवा गेला तरी ज्याची वाट अडली त्याचे नुकसान तेवढेच असते.

सारथ्याच्या शिक्षेचे तसे नाही. तेथे हेतू आणि काळजी यांची पारख झालीच पाहिजे. निष्काळजीपणा, बेपर्वाई आणि जाणूनबुजून केलेली आडवाआडवी यांत नियम फरक करतात तो योग्यच आहे. हेतू सिद्ध करणे कठीण असल्यामुळे बहुतेक प्रकरणे निष्काळजीपणाच्या सदरात मोडतात. त्याच जागी एखादा वाजवी काळजी घेणारा सारथी काय करता, ही कसोटी तेथे लावणे इष्ट होय. घोड्याचा क्रमांक खाली आला म्हणून सारथी आपोआप दोषी ठरू नये; आणि क्रमांक कायम राहिला म्हणून धोकादायक हाकणाऱ्याला मोकळेही सोडू नये.

क्रमांक बदलण्याचा आणखी एक परिणाम दुर्लक्षित राहतो. त्याचा फटका सारथ्यापेक्षा मालकाला अधिक बसतो. सारथ्याचा वाटा पाच टक्के, उरलेली रक्कम मालक आणि प्रशिक्षकाची. ‘काहीही कर, पण पुढे जा’ अशी अपेक्षा अनेकदा मालकाकडूनच येते. जिंकलेली रक्कम हातची जाऊ शकते हे ठाऊक असलेला मालक सांभाळून हाकणारा सारथी निवडू लागतो. ज्याच्या लोभातून दडपण निर्माण होते, त्यालाच पहारेकरी करण्याची ही युक्ती आहे.

दंड की निलंबन?

गॅरी बेकर यांनी १९६८ साली गुन्हा आणि शिक्षा यांचे अर्थशास्त्रीय विवेचन केले. गुन्ह्यापासून होणारा लाभ एका पारड्यात आणि पकडले जाण्याची शक्यता गुणिले शिक्षा दुसऱ्या पारड्यात, असा तो हिशेब. शक्य तेथे तुरुंगापेक्षा दंड बरा, असे त्यांचे मत होते. कारण दंडात पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तर तुरुंगात माणसाचे श्रम वाया जातात आणि त्याला पोसण्याचा खर्च समाजावर पडतो. हा युक्तिवाद शर्यतीला लागू पडत नाही. सारथ्याचा परवाना पंधरा दिवस निलंबित झाला तरी घोडा धावतोच. त्याच्या गाडीत दुसरा बसतो. समाजाचे नुकसान जवळजवळ शून्य, आणि निलंबिताचे नुकसान पुरेपूर. शिवाय जो अधिक कमावतो तो अधिक गमावतो. फिनलंडने १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंडाची पद्धत स्वीकारली; निलंबनात ते प्रमाण आपोआप साधते.

दंडाचा दुसरा दोष असा की, तो शिक्षा न राहता किंमत बनतो. इस्रायलमधील हैफा येथील पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, तेव्हा उशीर करणारे कमी होण्याऐवजी वाढले. आणि दंड काढून घेतल्यावरही पूर्वीची शिस्त परतली नाही. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जी गोष्ट लाज वाटावी अशी होती ती पैसे मोजून विकत घेता येते, असा पालकांचा समज झाला. दंड भरून मोकळा होणारा सारथी याच मार्गाने जातो.

अर्थात निलंबनही सर्वांना सारखे बोचत नाही. एका रात्री सात-आठ घोडे हाकणारा व्यावसायिक आणि आठवड्यातून दोनदा स्वतःचाच घोडा घेऊन येणारा लहान प्रशिक्षक, यांना दहा दिवसांची बंदी वेगवेगळी लागते. न्यूझीलंडमध्ये निलंबन मोजताना सारथ्याला किती शर्यतींना मुकावे लागेल याचाही विचार होतो. दिवसांपेक्षा हे माप अधिक न्याय्य आहे, आणि इतरांनी ते उचलण्यासारखे आहे.

विलंब कोणाच्या पथ्यावर?

निलंबनाची खरी कसोटी लागते ती वेळेच्या बाबतीत. अपील दाखल करून स्थगिती मिळविली की सारथी हाकायला मोकळा. मोठ्या शर्यतींचा हंगाम उरकून, मंदीच्या दिवसांत निलंबन भोगायचे, हा मार्ग चतुर माणसाला सहज सुचतो. पुढे ढकलता येणारी शिक्षा ही अर्धी शिक्षा होय. उलट, स्थगितीच द्यायची नाही असे ठरविले, तर निर्दोष माणूस अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा भोगून मोकळा झालेला असतो.

हा पेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७९ साली ‘बॅरी विरुद्ध बार्ची’ या खटल्यात आला होता. प्रकरण अडथळ्याचे नव्हते, घोड्याला औषध दिल्याचे होते. परंतु तत्त्व तेच. न्यूयॉर्क राज्यातील मॉन्टिसेलो येथे जून १९७६ मध्ये दुसऱ्या आलेल्या एका घोड्याच्या प्रशिक्षकाला पंधरा दिवसांसाठी निलंबित करण्यात आले. शर्यतीची सचोटी राखण्यासाठी सुनावणीपूर्वी तात्पुरते निलंबन करता येईल, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र निलंबनानंतर तातडीने सुनावणी आणि निर्णय होईल याची हमी कायद्यात नव्हती, म्हणून ती पद्धत घटनेच्या कसोटीला उतरत नाही, असा निर्णय दिला. शिक्षा भोगून झाल्यावर मिळणारा न्याय हा न्याय नव्हे, हा त्याचा मथितार्थ. निलंबन करणारा आणि निलंबन टाळू पाहणारा, दोघांच्याही बाबतीत औषध एकच आहे: शीघ्र निर्णय. आज प्रत्येक शर्यतीचे अनेक बाजूंनी चित्रण होते. पुरावा त्याच रात्री हाती असतो. तेव्हा अपील काही दिवसांत निकाली काढण्यास सबळ अडचण कोणती, हे सांगण्याचा भार नियामकांवर पडतो.

फिर्यादी आणि न्यायाधीश

शेवटचा मुद्दा न्याय देणाऱ्यांचा. ऑस्ट्रेलियात स्टुअर्डच शर्यतीवर नजर ठेवतात, तेच चौकशी करतात, आरोप ठेवतात आणि बहुतेक प्रकरणांत शिक्षाही तेच सुनावतात. यात वेग आहे आणि मैदानाचे ज्ञानही आहे. परंतु सर्व अधिकार एका खोलीत एकवटले की जाब विचारणारा उरत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये २०११ साली काही स्टुअर्ड पैसे घेऊन कोणत्या घोड्याची उत्तेजक-चाचणी होणार नाही हे फोडत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा सारा धंदा हादरला. ज्यांच्या शब्दावर शर्यतीची पत उभी, तेच विकले गेले तर सारथ्याने कोणाचा धाक बाळगायचा? त्याच राज्यात १९८३ च्या कायद्याने स्वतंत्र अपील न्यायाधिकरणाची सोय झाली होती. व्हिक्टोरियात २०१९ पासून असे न्यायाधिकरण काम करीत आहे. न्यूझीलंडने २०२० च्या कायद्यानुसार, जुलै २०२१ पासून सचोटीचे काम एका मंडळाकडे सोपविले, परंतु आरोप मांडणारे स्टुअर्ड आणि निवाडा देणारी समिती यांत भेद राखला. समितीचे निर्णय कारणांसह जाहीर होतात. कोणत्या चुकीला शिक्षेची सुरुवात कोठून होते आणि पूर्वेतिहासामुळे ती कशी वाढते, हे कोणालाही वाचता येते.

या प्रसिद्धीचे मोल शिक्षेच्या कठोरपणापेक्षा अधिक आहे. शर्यतीच्या अर्थव्यवस्थेत सर्वांत अधिक पैसा ओतणारा घटक चौकशीच्या खोलीत कधीच हजर नसतो. तो म्हणजे तिकीट काढून पैज लावणारा सामान्य माणूस. एकदा निकाल अधिकृत झाला आणि टोटचे पैसे वाटले गेले की पुढे अपिलात काहीही ठरो, त्याला काही परत मिळत नाही. त्याला वाद घालता येत नाही. फक्त पुढच्या वेळी न येणे एवढेच त्याच्या हाती असते. न्यूयॉर्कजवळचे रूझवेल्ट रेसवे १९४० साली सुरू झाले, रात्रीच्या शर्यतींना तेथे अमाप गर्दी लोटली, आणि १९८८ साली ते बंद पडले. त्याची कारणे अनेक होती. परंतु हा धंदा ग्राहकाच्या येण्यावर किती अवलंबून आहे, हे त्यावरून दिसते.

शिक्षेची जरब तिच्या कठोरपणात नसून अटळपणात असते, हे बेकारिया यांनी १७६४ सालीच सांगून ठेवले. शर्यतीच्या नियामकांनी नव्या जबर शिक्षा शोधण्याऐवजी त्या जुन्या विचाराकडे वळणे हितावह ठरेल. प्रत्येक अडथळ्याची दखल, दुरुस्ती आणि शिक्षा यांचा स्वतंत्र विचार, दंडाऐवजी मोजूनमापून निलंबन, काही दिवसांत अपिलाचा निकाल आणि कारणांसह जाहीर निवाडा, एवढ्या गोष्टी झाल्या तर सारथ्याला नियमाचा अर्थ कळेल आणि प्रेक्षकाला निकालाचा. त्या होत नाहीत तोपर्यंत आतल्या कडेची ती अरुंद जागा रेटारेटीनेच वाटली जाईल, आणि तिची किंमत बहुधा मागून येणारा घोडा आणि त्याचा सारथी मोजतील.