देवाच्या दारी दरपत्रक

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने पान, फूल, फळ, पाणी एवढेच मागितले. ज्ञानेश्वरांनी १२९० साली तेच मराठीत उलगडले. पंढरीच्या विठोबाला आजही तुळस-बुक्का वाहतात. मग आमच्या देवळांत अभिषेकाची दरपत्रके कशाला?

सीमाभागात पाटी मराठीत की कानडीत, यावर आपण हमरीतुमरीवर येतो. पाटीवरच्या आकड्यांबाबत मात्र दोन्ही भाषिक मूग गिळून बसतात! देवस्थानाचा खर्च भागायला हवा, हे मान्य. त्यासाठी दानपेटी आहे. वर्गात मी सुदाम्याचे पोहे शिकवतो आणि मुले देवळात पावतीवाल्यांची वेगळी रांग पाहतात. त्यांनी कोणता धडा खरा मानावा?

या दिवाळीत नुसते एक फूल घेऊन जा. ते नाकारले तर जाब विचारा. मराठीत विचारा, कानडीत विचारा!