पेटी, पोर्ट आणि पेंग्विन

वेळ शनिवार रात्रीची, स्थळ कासारवाडी. एकीकडे लोकल, दुसरीकडे हायवे, त्यावर मेट्रो. अशा जागी होम स्टुडिओ थाटायचं खूळ दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार?

पण कारण तसंच होतं. अप्पांचा खांदा धरलाय. भजनात वर्षानुवर्षं पेटी वाजवणाऱ्या माणसाला भाताच मारता येईना. बोटं मात्र ठणठणीत! म्हटलं, मिडी कीबोर्ड घेऊ. भात्याची भानगड नाही, आवाज कॉम्प्युटर काढेल. गाण्यासाठी माइक आणि तो लॅपटॉपला जोडायला यूएसबी ऑडिओ इंटरफेस.

लॅपटॉप जुना. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून त्यावर लिनक्स मिंट आहे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लिनक्सला ड्रायव्हरच मिळत नाही." घरी जोडलं, तर खरंच ठणठणगोपाळ. अप्पा म्हणाले, "राहू दे गं, उगाच पैसे घातलेस."

ते 'राहू दे' लागलं.

टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' कमांड दिली. यूएसबीला काय काय जोडलंय, त्याची यादी येते. कीबोर्ड होता, इंटरफेस गायब! कारण? घाईत उचललेली केबल नुसती चार्जिंगची. करंट नेते, डेटा नाही. केबल बदलली, नाव हजर. साउंड सेटिंगमध्ये लॅपटॉपच्या माइकऐवजी इंटरफेस निवडला आणि अप्पांचं खोकणंसुद्धा स्टीरिओत!

ड्रायव्हर शोधावाच लागला नाही. यूएसबी ऑडिओचं स्टँडर्ड १९९८पासून आहे. ते पाळणारं यंत्र म्हणजे 'क्लास कंप्लायंट'. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. तेव्हा मंडळी, खरेदीआधी डब्यावर हे दोन शब्द शोधा. काही कंपन्यांचं स्वतःचं कंट्रोल सॉफ्टवेअर मात्र लिनक्सवर चालत नाही, तेही आधी विचारून घ्या.

आता कीबोर्ड. पट्टी दाबली, आवाज शून्य. पण बिघाड काहीच नव्हता! १९८३पासूनच्या या मिडीतून आवाज जातच नाही. कुठली पट्टी, कधी, किती जोरात, एवढाच निरोप जातो. आवाज काढायला सिंथ लागतो. 'क्यूसिंथ' टाकलं, साउंडफाँट दिला, त्यातला पेटीच्या जवळचा रीड ऑर्गन निवडला आणि 'क्यूपीडब्ल्यूग्राफ'मध्ये माउसनं कीबोर्डची वायर सिंथला ओढली. वाजलं!

अप्पा थांबले. "मी आधी वाजवतो, पेटी मागून येते."

कान बरोबर होता. बफर १०२४ सॅम्पलचा होता. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे २१ मिलिसेकंद उशीर तिथेच. १२८ केला, तर आवाज तडतडायला लागला. २५६वर जमलं, साधारण ५ मिलिसेकंद. बफर लहान तितका उशीर कमी, पण लॅपटॉपची दमछाक जास्त. आपापल्या मशीनचा मधला आकडा आपणच शोधायचा.

यातून शिकले एकच. 'लिनक्सवर चालत नाही' म्हणून हात टेकण्याआधी आवाज नेमका कुठे अडलाय ते बघायचं. केबल, कर्नल, सेटिंग, सिंथ, याच क्रमानं.

रात्री अप्पा कितीतरी दिवसांनी स्वतःच्या साथीवर गायले. मध्येच लोकलचा भोंगा रेकॉर्ड झाला. म्हटलं, पुन्हा घेऊया का?

"राहू दे गं," अप्पा म्हणाले. या वेळी हसून.