गल्ल्याचा मापाडी कोण?

दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघर चित्रपटांच्या गप्पा रंगतात, ही जुनीच रीत आहे. पूर्वी या गप्पांत गाणी असत, नायिकेचे लुगडे असे, खलनायकाला घातलेल्या शिव्या असत. आता सातवीतला मुलगा चकली मोडता मोडता सांगतो, की अमक्या चित्रपटाने शुक्रवार, शनिवार, रविवार मिळून इतके कोटी खाल्ले आणि तमका सोमवारी आपटला. चित्रपट कसा होता, असे विचारावे तर त्याने तो पाहिलेलाच नसतो. त्याच्या बापानेही पाहिलेला नसतो, कारण त्यांच्या तालुक्याला थिएटर नाही. पण आकडा मात्र दोघांनाही तोंडपाठ! जेवण न जेवता ढेकर द्यावा, तसला हा प्रकार आहे आणि त्याची मला मनापासून चीड आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यातला माणूस. आमचा जिल्हा कापसाचा, आणि आता सोयाबीनचाही. माल विकताना काय घडते ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खामगावच्या बाजार समितीत गाडी उभी राहिली, की शेतकरी म्हणतो म्हणून तितके क्विंटल कोणी धरत नाही आणि व्यापारी म्हणतो म्हणूनही धरत नाही. त्यासाठी परवाना दिलेला मापाडी असतो. तो काट्यावर माल घालतो, पट्टी लिहितो आणि मग पैशाची बोलणी होतात. त्याच खामगावात चांदीचा मोठा व्यापार आहे. तिथेही विकणारा म्हणतो म्हणून चांदी शुद्ध ठरत नाही. ती कसाला लागते. आणि चित्रपटाच्या गल्ल्याचे काय? तो सांगतो कोण? ज्याने चित्रपट काढला तो! त्याचा जाहिरातवाला आकडा फुगवतो, वर्तमानपत्रे तो छापतात आणि आपण तो दिवाळीच्या फराळाबरोबर गिळतो. वाचकहो, आपण वांगी घेतानासुद्धा काट्याकडे डोळा ठेवतो. मग कोटींच्या बाबतीतच इतके भोळे का व्हावे?

हे सगळ्या जगात असेच चालते, असे कोणी म्हणेल. तसे ते चालत नाही. माझा एक भाचा लंडनच्या उपनगरात राहतो. त्याने मला तिथला एक साप्ताहिक तक्ता दाखवला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट ही तिथली चित्रपटांची सार्वजनिक संस्था दर आठवड्याला तो प्रसिद्ध करते. शुक्रवार ते रविवार कोणत्या चित्रपटाने किती पौंड मिळवले, हे त्यात पहिल्या पंधरा चित्रपटांपुरते ओळीने मांडलेले असते. पण खरी मजा पुढच्या रकान्यांत आहे. तो किती थिएटरांत लागला होता? दर थिएटरमागे सरासरी किती पडले? मागल्या आठवड्यापेक्षा गल्ला किती टक्क्यांनी चढला वा उतरला? आणि हा त्याचा कितवा आठवडा? नव्याने लागलेले बारीकसारीक चित्रपटही, पंधरांत आले नाहीत तरी, खाली नोंदलेले असतात. म्हणजे तिकडे एखादा मराठी चित्रपट मूठभर पडद्यांवर लागला, तर त्याची मिळकत त्या तक्त्यात सापडण्याची शक्यता आहे. आणि मलकापूर, चिखली, मेहकरला त्याच चित्रपटाचे काय झाले, हे मला माझ्याच जिल्ह्यात बसून कळण्याची सोय नाही! साहेबाच्या देशात मराठी चित्रपटाला काटा आहे आणि वऱ्हाडात नाही, ही काय मौज म्हणावी?

दर थिएटरमागची सरासरी, हा एकच रकाना आपल्याकडे कोणी छापला तर निम्म्या फुशारक्या जागच्या जागी बसतील. हजारो पडद्यांवर एकदम लागलेला हिंदी चित्रपट कोटी मिळवतो, त्यात त्याचा पराक्रम किती आणि पडद्यांचा किती? उलट दीडशे पडद्यांवर, तेही दुपारच्या अवेळी एकच खेळ मिळालेला मराठी चित्रपट थोडकेच कमावतो, म्हणून तो पडला काय? दहा एकरवाल्याने शंभर क्विंटल काढले आणि एका एकरवाल्याने पंधरा, तर शेती कोणाची चांगली, हे सांगायला पदवी लागत नाही. आमच्या चित्रपटाच्या पानांवर मात्र एकूण क्विंटलच मोजतात. एकर विचारीत नाहीत.

बरे, हे कोटी तरी खरे कोणाचे? आज २३६ रुपयांचे तिकीट काढले तर त्यातले ३६ रुपये कराचे. उरलेल्या दोनशेंत थिएटरचा वाटा. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचे मोठे भांडण झाले. एप्रिल ते जून नवे चित्रपटच लागेनात. शेवटी तडजोड झाली ती अशी, की पहिल्या आठवड्यात वितरकाला शंभरातले ५०, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. या हिशेबाने शंभर कोटींचा ढोल वाजतो तेव्हा सुमारे पंधरा कोटी कराचे असतात आणि उरलेल्या पंच्याऐंशीत चित्रपटवाल्यांच्या पदरी, सगळी तिकिटे पहिल्याच आठवड्यात खपली असे धरले तरी, बेचाळीसच्या आसपास पडतात. ढोल मात्र शंभराचाच!

आणि या उतरत्या वाट्यातच सगळ्या घाईचे मूळ आहे. पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा आणि चौथ्यात तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, म्हटल्यावर चित्रपटवाला चौथ्या आठवड्याची वाट कशाला पाहील? तो सगळा दारूगोळा पहिल्या तीन दिवसांत उडवतो. थिएटरवालाही सोमवारी दुपारी तिकीटबारीकडे नजर टाकतो आणि गर्दी दिसली नाही की पुढच्या शुक्रवारी दुसरा चित्रपट लावून मोकळा होतो.

पूर्वी चित्रपटाचे यश आठवड्यांत मोजत. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल थिएटरात लागला तो वर्षभरानंतरही तिथेच होता. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. ‘शोले’ १९७५ च्या १५ ऑगस्टला आला तेव्हा पहिल्या दिवसांत तो पडल्याची आवई उठली होती. आजचा सोमवार त्या वेळी असता तर गब्बरसिंग तिथेच मेला असता! त्याला दिवस मिळाले, लोकांनी लोकांना सांगितले आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे राहिला. आठवड्यांच्या मोजणीतही लबाडी होत असे, हे मी जाणतो; स्वतःच्या पैशाने तिकिटे फाडून रौप्यमहोत्सव साजरे करणारे महाभाग त्याही काळी होते. पण त्यांना निदान पंचवीस आठवडे तिकिटे फाडावी लागत. आता तीन दिवसांत भागते.

हे तीन दिवस मुळात आहेत कोणाचे? शनिवार-रविवारची सुट्टी असलेल्या पगारदारांचे. आमच्याकडे कापूस वेचायला शनिवार-रविवार नसतो. सीतादही होऊन पहिली वेचणी घरी येते, सोयाबीन विकले जाते, तेव्हा कुठे दसरा-दिवाळीपासून माघापर्यंत माणसाच्या खिशात दोन पैसे खुळखुळतात. चित्रपट पाहायचा तो बाजाराच्या दिवशी, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला तालुक्याला गेले असताना. मृगाच्या तोंडावर, बियाणे-खताची तोंडमिळवणी चाललेली असताना, लागलेला चित्रपट तीन दिवसांत पाहा, नाहीतर तुम्हांला मराठीचे प्रेम नाही, असे आम्हांला पुण्या-मुंबईचे लोक सुनावतात. आमचा एक कास्तकार शेजारी यावर एवढेच म्हणाला, “मास्तर, पिक्चर चांगला हाय म्हन्तेत, पन लागते कुठी? पाह्याले जाव तं अकोल्याले. आन् जाऊन पाह्यलं तं निघून गेला म्हन्ते.”

एक जुनी गंमत सांगतो. सी.पी. अँड बेरार नावाचा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला. वऱ्हाड १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण चित्रपटांच्या व्यापाऱ्यांच्या वहीत आमचा मुलूख अजून ‘सी.पी. बेरार’ याच नावाने वेगळा विभाग म्हणून नांदतो आहे. अमरावती आणि भुसावळ ही त्या व्यापाराची जुनी ठाणी. रिळांच्या पेट्यांचा जमाना होता तेव्हा मुंबई-पुण्यात महिनोन्‌महिने फिरून झिजलेली पेटी रेल्वेने मलकापूर-नांदुऱ्याला उतरे. चित्रपट शिळा असे, पण येई, आणि आला की लोक तुटून पडत. आता पेटी नाही. चित्रपट उपग्रहावरून नाहीतर तबकडीतून येतो. दादर आणि शेगाव यांना तो एकाच शुक्रवारी मिळू शकतो. अंतर संपले, असे आम्हांला वाटले होते. पण त्या शुक्रवारचा पडदा आधीच मोठ्या हिंदी चित्रपटाने अडवलेला असतो आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत आमच्या चित्रपटावर ‘पडला’ असा शिक्का बसलेला असतो. शिळा तरी येत होता, तो आता येतच नाही. आमच्या गावचे थिएटर मंगल कार्यालय झाले आहे. जिथे पडदा होता तिथे वधूवरांच्या खुर्च्या मांडतात.

लोकांना नको असेल तर थिएटरवाल्याने चित्रपट का चालवावा, असा सवाल व्यवहारी लोक टाकतात. सवाल रास्त आहे. पण लोकांना नको होता, हे कळले कसे? १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, हिंदी चित्रपटासाठी पडदा हवा होता. शिवसेना मध्ये पडली, पडदा मिळाला आणि लोकांनी त्या चित्रपटाचा रौप्यमहोत्सव करून दाखवला. तो पडदा मिळाला नसता, तर मराठी माणसाला ‘सोंगाड्या’ नको होता, असेच आज कोणी विद्वान लिहून गेला असता. पुढे २०१६ मध्ये ‘सैराट’ आणि २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आले. दुसऱ्यासाठी तर बायका साड्या नेसून, घोळके करून, सासवांना घेऊन गेल्या. घरातल्या पुरुषांना तिकिटेही मिळेनात. हे लोक आकाशातून पडले होते काय? ते होतेच. त्यांना पडदा, वेळ आणि दिवस मिळाले.

सरकारने काही केले नाही, असेही नाही. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाचा एक खेळ दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान ठेवावा, असे २०१५ मध्ये ठरले. आधी संध्याकाळची सहा ते नऊ ही वेळ म्हटली होती. ओरड झाल्यावर ती सैल झाली. दुपारी बाराचा खेळही आता सोन्याची वेळ ठरतो, हे आमच्या गावच्या कोंबड्यालाही पटणार नाही. आणि जिथे मल्टिप्लेक्सच नाही तिथे तो नियम कोणाच्या भिंतीवर टांगायचा? मराठी चित्रपटांना दर्जा पाहून अनुदानही मिळते. ते निर्मात्याला मिळते. सिंदखेडराजाच्या प्रेक्षकाला त्यातून एक खुर्चीही मिळत नाही. आणि जिजाऊंच्या माहेरच्या या माणसांनी शिवरायांवरचे चित्रपट मोबाइलच्या वीतभर काचेवर पाहायचे!

इंग्रजांना मी डोक्यावर घेत नाही. त्यांचीही थिएटरे ओस पडली. १९४६ मध्ये तिथे वर्षाला १६३ कोटींहून अधिक तिकिटे खपत, ती २०१९ मध्ये १७ कोटींवर आली होती. २०२० च्या साथीत तर साडेचार कोटींच्याही खाली गेली. पण ही उतरंड मला इथे बसून सांगता येते, कारण ते पौंडांबरोबर माणसेही मोजतात. पैसा महागाईने फुगतो, माणूस फुगत नाही. तिकीट चारशे रुपयांचे केले की निम्मी माणसे येऊनही ‘विक्रमी गल्ला’ म्हणता येते. आमच्याकडे नेमके तेच चालले आहे आणि त्या विक्रमाच्या पाट्या वाचून आम्ही टाळ्या वाजवतो आहोत.

माझे मागणे फार मोठे नाही. नवे खाते नको, समिती तर मुळीच नको. करमणूक कर होता तेव्हा जिल्हा कचेरीला आपापल्या थिएटरांतले तिकीट न् तिकीट ठाऊक असे. आता वस्तू व सेवा कर आहे आणि तिकिटे बहुतेक ठिकाणी यंत्रावर फाटतात. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर आणि त्यावरच्या तिकिटावर अठरा, असा भेद सरकारने केला आहे. म्हणजे स्वस्त तिकिटे किती खपली आणि महाग किती, याचा हिशेबही ठेवणे आलेच. दर सोमवारी त्यातले चार रकाने जिल्हावार छापा: चित्रपट, पडदे, खेळ, प्रेक्षक. गोरेगावच्या चित्रनगरीने छापावेत, नाहीतर मंत्रालयाने छापावेत. निर्मात्यांनी खुशाल ढोल वाजवावेत. शेजारी हा तक्ता टांगलेला असला म्हणजे झाले. बुलढाणा जिल्ह्यासमोर मराठी चित्रपटाच्या रकान्यात ‘पडदे: शून्य’ असे एकदा काळ्या शाईत येऊ द्या. मग प्रेक्षक कमी का पडले, याचे उत्तर आमच्याकडे मागायला या.